पाच जागा आणि माझी पारख

१ मार्च, सकाळी १०
आजपासून रोजनिशी. विमा कंपनीला पाच सेल्स ऑफिसर हवेत, ३० तारखेच्या आत रुजू. नाही झाले तर कंपनी दुसरी एजन्सी बघेल आणि मी दुसरी नोकरी बघायची, असं आमच्या भरती एजन्सीच्या मालकीणबाईंनी सांगितलं. मी मनावर घेतलं नाही. माणसं पारखणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ.

२ मार्च
जाहिरातीतून ‘विमा’ हा शब्दच काढला. ‘संपत्ती संवाद अधिकारी’ असं लिहिलं. शेजारच्या टेबलावरच्या ज्युनिअरनं विचारलं, सर, काम काय ते लोकांना कळणार कसं? म्हटलं, कळू नये म्हणूनच. पोरीला अजून हा धंदा समजलेला नाही.

५ मार्च
एकशे चौदा अर्ज. त्यात एक स्वयंपाकी, दोन सिव्हिल इंजिनिअर आणि एकानं पत्र भलत्याच कंपनीच्या नावानं लिहिलेलं. आत्मविश्वास मात्र वाखाणण्यासारखा.

९ मार्च, संध्याकाळी ६
पाचही जागा भरल्या. एक टायवाला, सध्या बँकेत आहे. एक लग्नाळू. दोन मित्र, एकत्रच आले, एकत्रच हसले. आणि एक अनुभवी काका. पाचही जण ‘हो सर’ म्हणाले. बायकोला सांगून टाकलं, प्रमोशन येतंय.

१५ मार्च
टायवाला फोन उचलत नाही. मीटिंगमध्ये असेल. कामाच्या माणसांचं असंच असतं.

१७ मार्च
टायवाल्याचा मेसेज. आमचं ऑफर लेटर त्यानं त्याच्या साहेबांना दाखवलं, त्यांनी लगेच पगार वाढवला. माझे मनापासून आभार मानलेत. हल्ली इतके संस्कार कुठे दिसतात. चार राहिले, चारही पक्के.

२० मार्च
लग्नाळूच्या होणाऱ्या सासऱ्यांचा फोन. म्हणाले, जावई विमा विकायला लागला तर आमचे नातेवाईक लग्नालाच यायचे नाहीत. अर्धा तास समजावलं. शेवटी म्हणाले, एवढी चांगली नोकरी आहे तर तुम्हीच का जात नाही? रेंज गेली असं सांगून फोन ठेवला. तीन राहिले.

२३ मार्च
दोन मित्रांची चौकशी झाली. एकाच्या अनुभवाच्या दाखल्यावर साहेब म्हणून दुसऱ्याची सही, आणि दुसऱ्याच्या दाखल्यावर पहिल्याची. मैत्री असावी तर अशी. दोघेही बाद.

२५ मार्च
काकाही बाद. वयाची अट पस्तीस, काका अठ्ठावन्न. मालकीणबाईंनी विचारलं, फॉर्म वाचला नव्हता का? मी फॉर्म वाचत नाही, डोळे वाचतो. हे त्यांना सांगितलं नाही.

२६ मार्च
जेवताना ज्युनिअर विचारत होती, या कामात नेमकं असतं काय. तिच्यापासून काय लपवायचं? उन्हातली वणवण, तोंडावर बंद होणारी दारं, टार्गेट, आणि जमलं तर मिळणारं कमिशन, सगळं खरंखरं सांगितलं. फार मन लावून ऐकत होती. पोरगी तयार होतेय माझ्या हाताखाली.

३० मार्च, दुपारी १२
कंपनीचा फोन. आज एक जण रुजू झाली म्हणे. पाचावर एक तर एक, धावत मालकीणबाईंकडे गेलो. त्यांच्या हातात ज्युनिअरचा राजीनामा होता. तिनं अर्ज परस्पर केला, त्यामुळे आपल्या खात्यात तिला धरणार नाहीत. मुलाखतीत म्हणाली म्हणे, हे काम इतकं स्पष्ट मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगणारा म्हणून माझं नाव घेतलं. बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

३१ मार्च, सकाळी ११
कंपनी दुसऱ्या एजन्सीकडे गेली. मालकीणबाईंनी शांतपणे सांगितलं, उद्यापासून येऊ नका. वाईट वाटलं. बायकोला अजून बोललो नाही.

३१ मार्च, दुपारी ४
बागेत बसलो होतो. ज्युनिअरचा फोन. पहिली पॉलिसी ओळखीच्या माणसाचीच काढायची ठरवलंय, म्हणून मला केला. नाही म्हणवेना. तिनं फोनवरच फॉर्म भरायला घेतला. नाव, पत्ता, जन्मतारीख सांगितली. मग तिनं विचारलं, सर, व्यवसाय काय लिहू? म्हटलं, तो रकाना तूर्त मोकळा ठेव.