राहिलेली भिंत

सोमवार, ४ ऑगस्ट

ती. आईस,

नमस्कार. पत्रात आधी तब्येत विचारायची असते, म्हणून विचारते: गुडघा कसा आहे? मामाच्या घरी सगळ्यांना धारेवर धरत नाहीस ना? फोनवर तू "हो", "बरं" एवढंच म्हणतेस आणि मामीच्या हातात फोन देऊन मोकळी होतेस. पत्र निदान शेवटपर्यंत वाचशील.

बातमी अशी की आम्ही नव्या घरात राहायला आलो. लगेच कपाळाला हात लावू नकोस. घर पुरं झालेलं नाही, हे मला तुझ्याइतकंच माहीत आहे. पण घरमालकाला मुलासाठी खोल्या हव्या होत्या. दुसरीकडे बिऱ्हाड हलवण्यापेक्षा आपल्याच चार भिंतींत जाऊ, असं ठरलं.

भिंती आहेत, म्हणजे जवळजवळ सगळ्या आहेत. दारं नाहीत. सुतार रोज उद्या म्हणतो, त्यामुळे प्रत्येक दारात पडदा आहे. वारा सुटला की घरभर पडदे उडतात आणि कोण कुठे काय करतंय ते सगळ्यांना दिसतं. न्हाणीघराला मात्र मी आधी दार लावून घेतलं, त्याशिवाय पाऊल टाकणार नाही म्हणून हटून बसले. हा हट्ट कुणाकडून आला ते सांगायला नको. जिन्याला कठडा नाही, बाहेरून गिलावा नाही, आणि सिमेंटची धूळ चहात, उशीत, माझ्या केसांत, कुठे नाही ते विचार. ओटा तेवढा झाला. बाबांनी तो तुझ्या उंचीचा केलाय, मला कंबरेत वाकून भाजी चिरावी लागते.

बाबा मजेत आहेत. कंत्राटदाराने त्यांना थोडे दिवस विश्रांती घ्या म्हटलंय, म्हणून सध्या घरचंच काम काढलंय. उठल्यापासून थापी हातात. जेवायला तीनतीनदा हाक मारावी लागते, पण ते तुझ्या वेळीही होतंच.

मागच्या दाराचं काम जरा अडलंय. ते भेटीत सांगेन, विशेष काही नाही. नगरपालिकेचा इंजिनियर पाहणी करून गेला की घर पुरं झाल्याचा दाखला मिळेल, आणि मिळाला की पहिल्यांदा तुलाच कळवीन. अर्धवट घरात पाय ठेवणार नाही म्हणाली होतीस, ते लक्षात आहे.

तुझी
बारकी


रविवार, २१ सप्टेंबर

आई,

मामाकडून निरोप मिळाला, "दाखला आला की बघू." मामाला तुझं बोलणं तसंच्या तसं सांगायची सवय आहे, त्यामुळे मला ते तुझ्या आवाजात ऐकू आलं.

दाखला आला. येऊनही बरेच दिवस झाले. मी कळवलं नाही, कारण मागचं पत्र मी सरळ लिहिलं नव्हतं आणि आता त्याला आणखी ठिगळ लावायची इच्छा नाही.

घरमालकाला खोल्या नको होत्या. तो बिचारा अजून भेटला की विचारतो, परत येता का. बाबांना कामावरून घरी यायची वाट सापडेनाशी झाली होती. एकदा पलीकडच्या गल्लीत एका परक्या घरात जाऊन जेवायला बसले. त्या बाईने आधी वाढलं आणि मग चौकशी केली, देव तिचं भलं करो. कंत्राटदाराने विश्रांती घ्या म्हटलं नाही, उद्यापासून येऊ नका म्हटलं. पण आपल्या बांधकामावर मात्र बाबा न चुकता पोहोचायचे. जिथे पोहोचतात तिथेच राहायला जाऊ, म्हणजे ते हरवणार नाहीत, एवढाच माझा हिशेब होता.

डॉक्टर म्हणतात विसरण्याचा आजार आहे, वाढत जाणार. गोळ्या चालू आहेत. मी दिवसभर औषधांच्याच दुकानात उभी असते. त्या गोळ्यांचा किती उपयोग, ते मला दुसऱ्या कुणी सांगायला नको.

त्यांचे हात काही विसरलेले नाहीत. वीट तशीच बसते, माल तसाच कालवतात. फक्त दारासाठी सोडलेली जागा दिसली की त्यांना वाटतं, भिंत राहिलीये. आणि राहिलेलं काम त्यांना बघवत नाही. मागचं दार असं गेलं. मी दुकानातून आले तर तिथे सरळसोट भिंत, आणि बाबा समोर उकिडवे बसून समाधानाने बघतायत.

इंजिनियर आला तेव्हा ती तशीच होती. तरुण पोरगा, हातात नकाशा. मागे गेला, परत आला, पुन्हा गेला. शेवटी म्हणाला, नकाशात इथे दार आहे. मी काही बोलायच्या आत बाबा पुढे झाले.

"भिंत राहिली होती साहेब. परवाच पुरी केली. ओळंबा लावून बघा, सुताचा फरक निघायचा नाही."

त्या पोराने बाबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. भिंतीवरून हात फिरवला आणि काम चांगलं आहे म्हणाला. जाताना मला बाहेर बोलावून हळू आवाजात सांगितलं, तेवढं मोकळं करून घ्या, मी पुन्हा येतो.

सुतार बाबांना चहाला घेऊन गेला आणि मी घण घेतला. बाबांची भिंत सहजी फुटत नाही, हात सोलून निघाले. परत आल्यावर ते त्या भगदाडापुढे बसून लहान मुलासारखे रडले. कुणी केलं, कुणी केलं, विचारत राहिले. मी माहीत नाही म्हटलं. मग सुताराला एकदाची लाज वाटली, त्याने चौकट बसवली, दार लावलं, आणि दाखला मिळाला. कागदावर आपलं घर पुरं झालंय, आई. इथे ते दर आठवड्याला थोडं थोडं बंद होत चाललंय. स्वयंपाकघराची खिडकी गेली. मी थापी लपवून बघितली, तर दिवसभर तळव्याने भिंत चोळत बसले, कातडी निघेपर्यंत. संध्याकाळी मीच थापी काढून दिली.

आता जे लिहायचं म्हणून हे सगळं लिहिलं, ते.

गुरुवारी मला ताप होता. दुपारीच घरी आले आणि माझ्या खोलीत झोपले. त्या खोलीला अजून पडदाच होता. जाग आली तेव्हा पडदा काढलेला, आणि दारात कंबरेएवढी भिंत. पलीकडून बाबा मन लावून थर चढवत होते. शीळ घालत होते. मी उठून उभी राहिले. त्यांनी थापी थांबवली, माझ्याकडे बघितलं आणि अगदी अदबीने विचारलं,

"बाई, आत कोणी राहिलं नाही ना? एकदा बघून घ्या, मग बंद करतो."

मी खोलीत बघितलं. खरंच वळून बघितलं, आई.

"नाही," म्हटलं, "कोणी नाही."

ओल्या विटांवरून पाय टाकून बाहेर आले. त्यांनी हात दिला, कपडे खराब होतील, सांभाळून म्हणाले. मग पुढचा थर घेतला. मी त्यांना अडवलं नाही. ओट्याला टेकून उभी राहिले आणि भिंत पार वरपर्यंत जाऊ दिली. माझे कपडे, माझी गादी, सगळं आत आहे. मी पुढच्या खोलीत झोपते, म्हणजे पडून असते. घण कोपऱ्यात आहे, उचलवत नाही.

हात धुतल्यावर त्यांनी मला विचारलं, "आमची ही बाजारातून आली नाही का अजून?" रोज विचारतात. तुझी वाट बघत दारात खुर्ची टाकून बसतात. ते एक दार त्यांनी अजून सोडलंय.

मला राग येतो. त्यांचा नाही. तू दोन पिशव्या घेऊन गेलीस आणि तू त्यांना आठवतेस. मी राहिले, मी बाई झाले. तुझं चुकलं असं मी म्हणत नाही. "पुढच्या वर्षी पुरं करतो" ऐकून तुझे कान किटले होते, मी तिथेच होते. पण दाखला मिळाला म्हणून येऊ नकोस, आणि घर पुरं व्हायची वाट तर मुळीच बघू नकोस. ते आता पुरं व्हायचं नाही. मी एकटी घाबरले आहे, म्हणून ये.

आलीस की ते तुला ओळखतील, निदान अजून तरी. मग तुला बाजूला घेऊन माझ्याकडे बोट दाखवतील आणि विचारतील, ही बाई कोण. तेव्हा तू त्यांना सांग. मी सांगते तेव्हा ते हसतात आणि कामाला लागतात.

तुम्हा दोघांची
बारकी