यादीतलं चाळिसावं नाव

बाई, तुम्हाला मी कधी पत्र लिहिलं नव्हतं. तुम्ही होतात तेव्हाही नाही. नांदेडच्या शाळेतून बाहेर पडले, एम.एस्सी. झाले, लातूरला नोकरीला लागले, लग्न झालं, आणि तुमच्याकडं एकदा जाऊन यायचं हे दर उन्हाळ्यात पुढच्या उन्हाळ्यावर ढकलत राहिले. मग एका उन्हाळ्यात कुणीतरी सांगितलं की तुम्ही गेलात, त्यालाही सहा महिने झाले. आज लिहायला बसले कारण गेल्या वर्षी माझ्या हातून एक गोष्ट घडली, आणि ती जिला नीट कळेल अशी दुसरी कुणी माझ्या ओळखीत नाही. नवऱ्याला सांगितली. तो म्हणाला, "निस्तरलं ना शेवटी? मग सोड की." तुम्ही सोडलं नसतं.

तुमचा कशावरच विश्वास नसायचा. पुस्तकाच्या मागं छापलेलं उत्तर तुम्ही आम्हाला कधी जसंच्या तसं मान्य करू दिलं नाही. तुमच्या लॉग टेबलच्या पुस्तकात छपाईच्या चुका तुम्ही लाल शाईनं दुरुस्त करून ठेवल्या होत्या, आणि ते पुस्तक बघून आम्हा मुलींना वाटायचं, ही बाई छापखान्यावरसुद्धा संशय घेते. माझ्यावरही घेतलात. नववीत होते मी, मुखेडहून येऊन मावशीकडं राहिलेली, अंगावर मावसबहिणीचा जुना गणवेश. सहामाहीच्या पेपरात एक गणित मी चार ओळींत सोडवलं, बाकीच्यांना पान लागलं होतं. तुम्ही पेपर हातात धरून म्हणालात, "हे तुझं नाही. ये, फळ्यावर करून दाखव." सगळा वर्ग बघतोय, खडू माझ्या बोटांत मोडतोय, आणि मी करून दाखवते आहे. तुम्ही शेवटच्या ओळीपर्यंत थांबलात आणि एवढंच म्हणालात, "बस."

त्या रविवारी तुम्ही मला घरी बोलावलंत. स्वयंपाकघरात तुम्ही भाकरी थापत होतात, मी दारात उभी. माझ्याकडं न बघता तुम्ही म्हणालात, "माझा संशय चुकला. संशय घेतला हे चुकलं असं मात्र मला वाटत नाही. मी तुला फळ्यावर बोलावलं, हेडबाईंकडं नाही पाठवलं. फरक कळतो का?" मला काही कळला नव्हता. मला फक्त भूक लागली होती आणि रडू येत होतं. तुम्ही तव्यावरची पहिली भाकरी मला वाढलीत, वर शेंगदाण्याची चटणी, आणि मी जेवले. दहावीनंतर निरोपाला आले तेव्हा ते लाल शाईचं पुस्तक तुम्ही मला देऊन टाकलंत.

आता झालं ते सांगते. मी लातूरला एका शिकवणी वर्गाच्या ऑफिसात काम करते. शिकवत नाही. चाचण्यांचे गुण, हजेरी, याद्या, हे सगळं ज्या प्रोग्रामवर चालतं तो मी लिहिलेला आहे. वर्षातून एकदा एक मोठी चाचणी होते आणि पहिल्या चाळीस मुलांची वेगळी तुकडी निघते. त्या चाळिसांना सगळ्यात चांगले मास्तर, स्वतंत्र अभ्यासिका. त्या तुकडीसाठी लोक गाव सोडून लातूरला खोली करून राहतात, आई पोरासोबत, बाप गावाकडं. म्हणून ती यादी सकाळी फळ्यावर लागते तेव्हा जिन्यापर्यंत गर्दी असते.

गेल्या वर्षी यादी लागली आणि एका मुलीचं आडनाव चुकलेलं निघालं. आमचे ऑपरेटर, पंचेचाळिशीचे, लातूरजवळच्या मुरुडचे, रोज एसटीनं ये-जा करणारे, त्यांनी आडनाव दुरुस्त केलं, यादी पुन्हा छापली आणि जुनी काढून नवी लावली. दुपारी औशाचे एक गृहस्थ मोबाइल घेऊन ऑफिसात आले. त्यांनी सकाळच्या यादीचा फोटो काढून ठेवला होता. सकाळी चाळिसाव्या जागी त्यांची मुलगी होती. आता तिथं दुसरीच मुलगी होती, आणि त्यांची एकेचाळिसावी, म्हणजे बाहेर. दोघींचे गुण अगदी सारखे. आणि ती दुसरी मुलगी मुरुडची.

संचालक सरांनी ऑपरेटरला बोलावलं, मलाही बोलावलं. ऑपरेटर म्हणाले, "सर, म्या फक्त आडनाव नीट केलं अन् प्रिंट मारली. यादी आपोआपच बदलून राहिली." सरांनी माझ्याकडं बघितलं. "मॅडम, असं होऊ शकतं का?" मला हसू आलं होतं, बाई. आपोआप! मी माझ्या खुर्चीवर गेले, प्रोग्राम सुरू केला आणि दहा वेळा यादी काढली. दहाही वेळा औशाचीच मुलगी चाळिसावी. मी परत येऊन सांगितलं, "नाही सर. प्रोग्राम दर वेळी तेच देतो. कुणीतरी हात लावल्याशिवाय हे होणार नाही." मी 'कुणीतरी' म्हणाले, पण त्या खोलीत माणसं तीनच होती.

आणि खरं म्हणजे तोवर माझ्या मनात सगळं जुळून आलं होतं. आदल्या दिवशी हा माणूस फोन घेऊन गच्चीवर का गेला होता? यादी पक्की झाली का, असं त्यानं दोनदा का विचारलं होतं? गावच्या मुलीचं नाव यादीत आल्यावर पेढा का मागितला नाही? एकदा संशय बसला की माणसाचं जेवणसुद्धा चोरट्यासारखं दिसतं. सरांनी त्याला उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. त्याच्या मोबाइलचा चार्जर टेबलामागच्या वायरींत गुंतला होता, तो सोडवायला त्याला बराच वेळ लागला. आम्ही चौघं-पाच जण आपापल्या स्क्रीनकडं बघत बसलो.

पंधरा-वीस दिवसांनी काही कामासाठी मी ती यादी पुन्हा काढली. सकाळची वेळ, मशीन नुकतंच सुरू केलेलं, ऑफिसात मी एकटी. चाळिसाव्या जागी मुरुडची मुलगी. पहिला विचार कोणता आला सांगू? जाताना त्यानं आत काहीतरी पेरून ठेवलं. मी सगळे पासवर्ड बदलले, प्रोग्रामची जुनी प्रत काढून ओळीला ओळ लावून बघितली. एका अक्षराचा फरक नव्हता. मग प्रोग्राम बंद करून पुन्हा सुरू केला: औशाची. पुन्हा बंद, पुन्हा सुरू: मुरुडची. पुन्हा: मुरुडची.

आता संशय घ्यायला ज्या भाषेत मी प्रोग्राम लिहिला होता ती भाषाच उरली. बाई, आपण लिहिलेल्या ओळी मशीनला थेट कळत नाहीत. मधे एक दुभाष्या लागतो, त्याला इंटरप्रिटर म्हणतात. तो आपली एकेक ओळ वाचतो आणि मशीनकडून करून घेतो. हा दुभाष्याही एक प्रोग्रामच असतो, कुणीकुणी माणसांनी सी नावाच्या जुन्या भाषेत लिहिलेला, आणि आमच्या भाषेचा दुभाष्या आतून कसा आहे ते जगात कुणालाही वाचता येतं. मी दहा वर्षं त्याच्या भरवशावर पोट भरलं, पण त्याचं पोट उघडून कधी बघितलं नव्हतं. आता उघडलं. तुमच्या शब्दांत सांगायचं तर छापखान्याची चूक काढायला निघाले.

दुपारी एक ते चार मुलं वर्गात असतात, ऑफिस शांत असतं. तीन आठवडे मी रोज त्या वेळात तो कोड वाचला. कॉलेजात शिकलेलं सी अर्धं विसरले होते. कागदावर छापून घेतलं, बाण काढले, एकेका नावाचा माग काढत पानं उलटली. लिहिणाऱ्यांनी मधेमधे एकमेकांसाठी टिपा ठेवल्या आहेत. एका ठिकाणी कुणीतरी दोन पानं भरून समजावतं की हा आकडा असाच का निवडला. एका ठिकाणी नुसतं बजावून ठेवलंय की इथं हात लावाल तर पस्तावाल. मला ती माणसं आवडायला लागली, आणि त्याचाच राग आला, कारण मी त्यांना पकडायला आले होते. शेवटी मी दुभाष्याची स्वतःची एक प्रत तयार केली आणि तिच्यात माझ्या ओळी घातल्या, म्हणजे तो आत काय करतो ते त्यानं मला बोलून दाखवावं.

तेव्हा दिसलं. एक हजेरी क्रमांक दोनदा येऊ नये म्हणून मी सगळे क्रमांक आधी एका संचात टाकले होते. दुभाष्या संचातली प्रत्येक गोष्ट एकेका खणात ठेवतो, आणि कोणता खण ते त्या गोष्टीच्या अक्षरांवरून काढतो. पण बाहेरच्या कुणी खोडसाळ माणसानं खणांचा अंदाज बांधून प्रोग्राम अडकवून ठेवू नये, म्हणून दर वेळी सुरू होताना तो एक नवा, मनाला येईल तो आकडा त्यात मिसळतो. म्हणजे तोही संशयी, बाई. बंद करून सुरू केला की खण बदलले. आणि पुढं गुणांप्रमाणे लावताना ज्यांचे गुण सारखे, ते ज्या क्रमानं खणांतून बाहेर आले त्याच क्रमानं राहतात. त्या दिवशी सरांसमोर मी प्रोग्राम बंद न करता यादी दहा वेळा काढली होती. मी दहा वेळा तपासलं नव्हतं. एकदाच तपासलं होतं आणि दहा वेळा वाचलं होतं.

भाषेची काही चूक नव्हती. संचात क्रम धरू नका, हे त्यांनी स्पष्ट लिहून ठेवलेलं आहे. आणि त्यांनी कशाला, तुम्हीच नववीत शिकवलं होतं. फळ्यावर महिरपी कंस काढून त्यात एक, दोन, तीन लिहिलंत, शेजारी तीन, एक, दोन लिहिलंत, आणि विचारलंत, "हे दोन संच वेगळे का?" मीच हात वर केला होता. मीच उठून सांगितलं होतं की नाही, संचात क्रमाला अर्थ नसतो. सारखे गुण असले तर कोण आधी, हे ठरवायचं काम माझं होतं. ते मी केलं नाही, आणि दुभाष्या बिचारा दर वेळी चिठ्ठी टाकल्यासारखं काहीतरी देत राहिला.

मी संचालक सरांना सगळं सांगितलं. ते पेन फिरवत म्हणाले, "दोन्ही पोरींना आत घ्या. एक बाक वाढवा. त्याला बोलवा परत. पण हे बाहेर नको, अन् कागदावर तर नकोच." मी म्हणाले, फळ्यावर चार ओळींची सूचना तरी लावू, की ऑपरेटरची चूक नव्हती. ते म्हणाले, "कशाला उकरून काढता मॅडम? लोक विसरले." सूचना लागली नाही.

फोन करायचा धीर झाला नाही म्हणून रविवारी मुरुडला गेले. ऑपरेटरचं घर विचारत पोहोचले तर ते ओसरीवर फवारणीचा पंप खोलून बसले होते. त्यांची आई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. "तुमीच का त्या लातूरच्या मॅडम?" मी हो म्हणाले. त्यांनी तांब्या माझ्या हातात न देता खाली ठेवला. "गावातल्या त्या पोरीच्या बापानं बी बोलणं सोडलं आमच्याशी. त्याला वाटलं, ह्याच्यापायी आपल्या लेकीचं नाव खराब झालं." ऑपरेटर म्हणाले, "आई, तू आत जा."

मी सांगायला लागले. खण, आकडा, संच. त्यांनी पंपाचं वायसर पुसत सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मॅडम, त्या दिवशी म्या प्रिंट दोनदा मारली होती. पहिल्या बारीला कागद अडकला, म्हणून समदं बंद करून परत चालू केलं. अडकलेल्या कागदावर औशाची पोरगी होती, दुसऱ्यावर आमच्या गावची. म्या डोळ्यांनी बघितलं. म्हणून तर म्हणलो, आपोआप बदलून राहिली."

"तो कागद?"

"कचऱ्याच्या डब्यातच होता की. मी निघालो तवा बी होता." त्यांनी वायसर पंपात बसवलं. "तुमी एवढं तीन आठवडे वाचून राहिलात. मला फकस्त इचारलं असतं तरी भागलं असतं."

मी म्हणाले, "माझं चुकलं."

"हाव," ते म्हणाले. एवढंच. पंप जोडून झाल्यावर हात पुसत त्यांनी विचारलं, "मग सोमवारी येऊ का मंगळवारी?"

परतीच्या एसटीत मला तुमचं स्वयंपाकघरातलं बोलणं आठवलं, आणि तीस वर्षांनी फरक कळला. तुम्ही मला खडू दिला होता. मी त्या माणसाला काही दिलं नाही. परक्या देशातल्या, कधी न पाहिलेल्या माणसांच्या हजारो ओळी मी मान मोडून वाचल्या, आणि शेजारच्या टेबलावरच्या माणसाचं एक वाक्य हसण्यावारी नेलं.

ते मंगळवारी आले. दोघा-तिघांनी चहा घेता का म्हणून विचारलं, बाकी कुणी काही बोललं नाही. मी प्रोग्राम सुधारला. आता गुण सारखे असले तर काय करायचं ते नियमात लिहिलेलं आहे, आणि तो नियम यादीखाली छापला जातो. दोन्ही मुली त्या तुकडीत आहेत, एकाच बाकावर बसतात असं ऐकलं. ऑपरेटर माझ्याशी नीट बोलतात. घरच्या शेंगा आणतात, सगळ्यांना वाटतात, मलाही देतात.

इथं थांबले असते तर पत्र बरं झालं असतं. पण तुम्हाला अर्धं उत्तर चालायचं नाही. काल दुपारी ते डबा खायला खाली गेले होते. मी उठले, त्यांच्या मशीनवर गेले आणि परवाच्या चाचणीची फाईल उघडून माझ्या फाईलशी ताडून बघितली. असं मी दर आठवड्याला करते. सगळं जिथल्या तिथं होतं. फाईल बंद केली, आणि जिन्यावर त्यांची पावलं वाजायच्या आत माझ्या खुर्चीवर येऊन बसले.