दार लावून थापलेल्या भाकरी

सौ. आशास,

तुन्हा माणूस मणिबेलीत खुशाल शे. लेकीचा खोकला गेला का?

जमीन धरणात बुडाल्यावर मर्दपणा कशात मानायचा, असं पुस्तक लिहायला आलेले पुण्याचे सर इथल्या पुरुषांना विचारतात. बाजारात ऐकून शिकलेल्या भिलीत मी दुभाष्याचं काम करतो. चार दिवस नुसत्या फुशारक्या ऐकल्या. काल सर म्हणाले, "माझं घर बायकोच्या पगारावर चालतं." त्यांची लाज राखायला मी ते गाळलं.

माझं सांगणं तोकडं पडलेलं पाहून गावातले नवलसिंगदादा हसले, "काय गिळलंस रे?"

मग मी तेही सांगितलं, आणि आपलंही. धंदा बसला तेव्हा तू शिलाईवर घर चालवलंस, मी दार लावून भाकरी थापायचो.

"मीही थापतो," दादा म्हणाले. मग सगळेच मोकळे झाले.

सर आपलीही हकीकत पुस्तकात घालणार. आपलं शहादा गाव हसेल, हसू दे. मी माझं खरं नाव दिलंय. तुझं देऊ का?

तुझाच,
उमाकांत