दुसऱ्या भागाचं शेवटचं पान

१२ जानेवारी, सोमवार
आज रुजू झाले. मुळशीतल्या शाळेची नवी ग्रंथपाल! लांबट खोली, चार कपाटं, खिडकीतून धरणाचं पाणी. शिपाई एकनाथमामांनी सगळं झाडूनपुसून ठेवलं होतं. मुलं एकच मागतात, भुतांच्या गावात अडकलेल्या मुलीच्या कादंबरीचा दुसरा भाग. ती घरी येते का, एवढंच त्यांना हवंय. धडा वाचायचा कंटाळा असलेली पोरंसुद्धा पहिला भाग कोळून प्यायलीत. लगेच मागवला.

२० जानेवारी, मंगळवार
पुस्तक आलं. हौसेनं दाखवलं, तर कुणी हात लावेना. एकनाथमामा म्हणाले, “आरोहीचा नंबर पयला हाय, बाई.” नववीतली आरोही. दिवाळीनंतर भातकापणीत तिला घोणस चावली. दवाखान्यात पोचलीच नाही.

२२ जानेवारी
पुस्तक खिडकीशी उघडं ठेवलं होतं. मधल्या सुट्टीत पान उलटलं. वारा नव्हता. थोड्या वेळानं आणखी एक. मी पुस्तक मिटलं नाही. वाचणाऱ्याला मध्येच कसं उठवायचं?

२९ जानेवारी
तिची आई, शुभांगीताई, आता रोज दुपारी पुस्तकाजवळ येऊन बसतात. आज थोडीच पानं उरलीत. “वाचून झाल्याव ती जाईल का वो?” त्यांनी विचारलं.

३ फेब्रुवारी
शेवटचं पान नाही. शुभांगीताईंनी फाडून चुलीत घातलं. “ऱ्हाऊ द्या की तिला हितंच,” म्हणून रडल्या. शेवट मीही वाचला नव्हता.

४ फेब्रुवारी
चारही कपाटं उघडी. सगळी पुस्तकं जमिनीवर, प्रत्येक शेवटच्या पानावर उघडं. ती शोधतेय. मुलं फिरकत नाहीत.

६ फेब्रुवारी
रडणं. भर दुपारी. शुभांगीताईंनाही ऐकू आलं. कान दाबून बसल्या. “चुकलं माजं, चुकलं माजं —” नवी प्रत यायला आठ दिवस. तोवर —

७ फेब्रुवारी
मनगटावर गार हात. ही वही पुढ्यात ओढली तिनं. शेवट हवाय. मला सुचत नाही. शुभांगीताई सांगतायत, मी लिहिते —
मुलगी बांधावरून आली. अंगणात थांबली. आईनं दार उघडलं, म्हणाली, ये —
नगं, खोडा ते ‘ये’, ताई म्हणतात. रडतायत. हात आवळतोय. बोला ना, ताई —
आई म्हणाली, जा बाळ, आता तू