गिरिपुष्पाच्या जागी गवत

नाना,

काल येवल्याच्या एसटीने पवन्या गवताची एक पेंढी आली, लगेजचे वीस रुपये. पंचवटीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये ती बघून जावई तुमचे म्हणाले, "आता गॅलरीत म्हैस बांधायची का?" मी पेंढी देवापुढे ठेवली. तुमच्या रोपवनाच्या जागेवरचं पहिलं गवत आहे ते. तुमची झाडं आम्ही काढली, आणि हे माझ्याच तोंडून तुम्हाला कळायला हवं.

तुम्ही फॉरेस्ट गार्ड होतात, तेव्हा गावाबाहेरचं सरकारी माळरान कागदावर पडीक होतं. जनावर तोंड लावत नाही म्हणून खात्याने गिरिपुष्पाची रोपं दिली. मे महिन्याची सुट्टी. मी कळशीने पाणी घालते आहे, दर रोपाला एकदा रामनाम, आणि तुम्ही ओरडता आहात, "नाव मनात घे, पाणी मुळाशी घाल!" तेवढ्यात मेंढ्या घेऊन धनगराची म्हातारी आली. "गार्डसाहेब, ह्या रानाला झाडाची हौस नाय. गवत हाय तेच ऱ्हाऊ द्या." तुम्ही तिच्या मेंढ्या कोंडवाड्यात घातल्या. मला तेव्हा तुमचा अभिमान वाटला होता.

झाडं जगली. पण त्यांच्याखाली गवत धरेना, आणि काळवीटं चाऱ्यासाठी कांद्याच्या वावरात शिरू लागली. म्हातारीचं बरोबर होतं, नाना. आता खातंच म्हणतं, गिरिपुष्प काढा, गवत आणा. तिथे हल्ली गार्ड एक मुलगी आहे, कालची पेंढी तिनेच पाठवली. गावाची वन समिती मात्र अडून बसली, नानांच्या मुलांनी हो म्हटल्याशिवाय कुऱ्हाड लावायची नाही म्हणून. धाकटा माझ्यावरच भडकला, "बापाची निशाणी तोडायला निघालीस, ताई?"

"तू एक कळशी तरी वाहिलीस का रे? पाणी मी घातलंय. जा, त्या निशाणीखाली एका शेळीचं पोट भरतं का बघून ये."

तो खरंच जाऊन आला. आल्यावर सही केली. मग मी केली. त्या सहीबद्दल मला आजही शंका नाही. तुम्ही असतात तर तुमच्याकडूनही घेतली असती.

फक्त तोडीच्या दिवशी गार्ड मुलीने बोलावलं, तेव्हा मी तिला सांगितलं, आज एकादशी, उपासाने प्रवास झेपत नाही. नाना, त्या दिवशी दशमी होती. दिवसभर घरात तांदूळ निवडत बसले.

हे पत्र पोथीत ठेवते आहे. रागावला असाल तर उलट टपाली कळवा.