कुणी विचारलं असतं तर

बिर्लानगर, ग्वाल्हेर
११ जानेवारी २०२५

ती. आत्यास,
सिमूचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तू हॅलो हॅलो करत राहिलीस आणि माझ्या तोंडातून हूं पण निघालं नाही, त्याची माफी. पत्रात मी एकदम ठीक बोलते, तुला माहीतच आहे. दहावीत शाळा सुटली ती पण याच्यामुळेच. उभं राहून वाचायला सांगितलं की जीभ चिकटून जायची.

आता खुशखबर. तू पाठवलेल्या स्पॅनिशच्या पुस्तकातला तो धडा, ज्याला तू डोंगर म्हणाली होतीस, इम्परफेक्ट सब्जंक्टिव्ह, तो मी चढून आले. बनवायला तर सोपा आहे. 'ते बोलले' म्हणजे आब्लारोन. त्याचं शेवटचं रोन कापायचं आणि रा लावायचा, झालं आब्लारा. तुब्येरोनचं तुब्येरा. फ्वेरोनचं फ्वेरा. माझ्यासाठी रा, तुझ्यासाठी रास, आपल्या सगळ्यांसाठी रामोस. बाबा दुकानात जळलेल्या मोटरीची जुनी तार काढून त्याच खाचांत नवीन भरतात ना, बस तसंच.

आणि वापरायचा कुठे, ते तर आपल्या घरात बसल्या बसल्या कळतं. जे नाहीये, पण असतं तर बरं झालं असतं, ते सगळं यात. बाबा दिवसभर असंच बोलतात. कुणी चहा टाकला असता तर बरं झालं असतं, म्हणतात. समोर आई एकटी बसलेली असते, तरी 'कुणी'. आई पण कमी नाही. कुणी कोथिंबीर आणली असती तर चटणी झाली असती, असं ती भिंतीला सांगते आणि बाबा पिशवी घेऊन निघतात. मला तर वाटतं आपलं सगळं खानदान स्पॅनिश आहे.

मी वाक्य पण बनवलं: सी तेन्द्रीया त्येम्पो, इरीया आ पूने. वेळ असता तर पुण्याला गेले असते. बरोबर ना?

तुमच्या ऑफिसात जागा निघते आहे म्हणालीस, ते सारखं डोक्यात फिरतं. बाबांना अजून काही बोलले नाही. नीट सांग ना, काय काय करावं लागेल?

माझ्यावरचा लोभ तसाच राहू दे, चुका मी कमी करते.

तुझी,
सिमू

*

पुणे
१९ जानेवारी

चि. सीमंतिनीस,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

वाक्य चुकलंस, पण ऐटीत चुकलंस, म्हणून रागावत नाही. 'सी' म्हणजे जर, आणि त्याच्या पाठीमागे तेन्द्रीयासारखं रीयावालं रूप कधी येत नाही. तिथे तुझा रा बसतो. सी तुब्येरा त्येम्पो, आणि मग पुढच्या अर्ध्यात इरीया. बाकी रूपं चोख आहेत. रामोस म्हणताना जोर आधीच्या अक्षरावर दे, आब्ला-रामोस असा. नाहीतर मेक्सिकोतली माणसं गोड हसतील आणि तू पुन्हा तोंड मिटशील. आणखी एक वापर लक्षात ठेव. अदबीनं काही मागायचं असेल तर किस्येरा म्हणायचं. मला हवं होतं, असं. आपल्या खानदानाला ते शिकवावं लागणार नाही.

आता जागेचं. आमची कंपनी पाण्याचे पंप मेक्सिकोला पाठवते. तिकडच्या गिऱ्हाइकांच्या तक्रारींना स्पॅनिशमध्ये उत्तरं द्यायची, आधी लिहून, पुढे फोनवर. शाळेचा दाखला कुणी मागत नाही. साहेब समोर बसवून पंधरा मिनिटं बोलतात, तेवढीच परीक्षा. ती सोळा मार्चला आहे. फेब्रुवारी संपायच्या आत मला नाव कळवायचंय. राहशील माझ्याकडेच.

एक अट मात्र माझी. दादाचा होकार हवा, आणि तो तू स्वतः मिळवायचास. भावाच्या घरातून मुलगी मी परस्पर उचलून आणणार नाही. आपल्या घरात कुणी सरळ मागत नाही आणि कुणी सरळ नाही म्हणत नाही, हे मी जन्मापासून बघत आले आहे. लग्नात मला हिरवी साडी हवी होती, हे मी अजूनपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही.

वहिनीला नमस्कार, तुला भरपूर माया.

तुझी,
शालिनीआत्या

*

बिर्लानगर
१ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

रीयाचं समजलं, आता नाही चुकणार. किस्येरा तर मी रोज आरशासमोर म्हणते.

पण पुण्याचं जमत नाहीये. सांगते कसं झालं ते. रविवारी जेवताना मी हिंमत केली आणि म्हटलं, कुणी मार्चमध्ये पुण्याला राहायला गेलं असतं तर आत्याला बरं वाटलं असतं, तिच्या ऑफिसात स्पॅनिशवाली जागा पण आहे. आईनं बाबांना आणखी वरण वाढलं. बाबांनी पोळीचा तुकडा वरणात बुडवला आणि म्हणाले की गाडीत रात्री गार लागतं, कुणी जाणार असेल तर त्यानं जाडी चादर न्यावी. आणि हात धुवायला उठून गेले. बस. इतकंच. ना हो ना नाही. विषयच फिरवून टाकला.

दुसऱ्या दिवशी ते महाराजबाड्याच्या बाजारातून एक मोठी निळी बॅग घेऊन आले. मला वाटलं दुकानाच्या तारा ठेवायला असेल. खुंटीला टांगली आणि म्हणाले की स्वस्त बॅगेची चेन रस्त्यातच तुटते, म्हणून चांगली घेतली. मग बुधवारी आईला विचारत होते, पुण्यात ज्वारीच खातात की गव्हाची पोळी पण मिळते. त्यांना आजकाल असल्याच गोष्टी सुचतात. माझ्या जागेबद्दल एक शब्द नाही.

आत्या, मला सगळं येतं, हे मी घमंडीत नाही बोलत आहे. कोमो सी फ्वेरा, म्हणजे 'जणू असावं तसं', तिथपर्यंत माझं झालंय. तुमच्या साहेबांसमोर मी लटपटत का होईना, पण बोलले असते. पण बाबांची मर्जी नसेल तर कसं निघायचं? तू दुसऱ्या कुणाचं नाव देऊन दे. मी वाईट नाही वाटून घेणार. थोडंसंच घेईन.

रागावू नकोस, एवढंच मागते.

तुझी,
सिमू

*

बिर्लानगर
३ फेब्रुवारी

चि. सौ. शालिनीस,
महिपतरावचे अनेक आशीर्वाद.

फोनवर बोललो तर पोरगी आतून ऐकते, म्हणून लिहितो. सिमूनं पुण्याचं काढलं, त्याला मी त्याच वेळी होकार देऊन टाकला. बॅग पण आणली. तेव्हापासून तिनं बॅगेला हात लावलेला नाही, तोंड उतरवून फिरते. जायचं मनात नसेल तर मी बळजबरी करणार नाही. शाळेच्या वेळी सगळ्यांनी तिला पुढे ढकललं, आणि ती अजूनच आत गेली.

दुकानात तिच्यावाचून अडतं, असं समजू नको. अडेल, पण ते माझं मी पाहीन.

कुणी तिला विचारलं असतं की बाई, तुझ्या मनात काय आहे, तर बरं झालं असतं.

येणंजाणं राहू दे, विसरू नको.

तुझा,
दादा

*

पुणे
९ फेब्रुवारी

चि. सीमंतिनीस,
आशीर्वाद, आणि एक धपाटा.

दुसरं नाव दिलेलं नाही, देणारही नाही. तुझ्या घरातली एक गोष्ट मला कळली आहे. ती मी तुला सांगणार नाही, कारण ती सांगायचं काम ज्याचं आहे त्याच्याकडूनच तू ऐकायचीस.

तुझा रा आता काही दिवस फडताळात ठेव. जे नाही त्याच्यासाठी तो छान आहे, पण तुला जे हवंय ते आहे. ते साध्या वर्तमानकाळात मागतात. हे पत्र मिळालं की दुकानात जा, दादासमोर उभी राहा आणि विचार, मी जाऊ का. 'कुणी' नको, 'असतं तर' नको. मी. जाऊ. का. घरात विचारलंस तर भिंती मध्ये येतील, म्हणून दुकानात.

वाट बघणारी,
आत्या

*

बिर्लानगर
१५ फेब्रुवारी

ती. आत्यास,
तुझ्या सिमूचा यावेळी जरा जोरात नमस्कार.

काल दुपारी पत्र आलं आणि मी तशीच चपला घालून निघाले. दुकानात बाबा दिग्विजयसिंहांच्या बोअरची मोटर टेस्टिंगला लावून बसले होते. दिग्विजयसिंह म्हणजे आपले जुने गिऱ्हाईक, मुरारकडचे. ते पण तिथेच स्टुलावर. मी दारात उभी राहिले आणि विचारलं, मी जाऊ का. मोटरीचा एवढा आवाज की बाबांना काही ऐकूच गेलं नाही. त्यांनी कानाला हात लावला. परत विचारलं. परत हात. मग आत्या, मला नाही माहीत कुठून आला, पण इतका मोठा आवाज निघाला माझा, की बाबा मी पुण्याला जाऊ का! आणि नेमकी त्याच वेळी बाबांनी मोटर बंद केली. सगळ्या गल्लीनं ऐकलं. समोरचा सायकलवाला पंप सोडून पाहायला लागला. दिग्विजयसिंह बाबांना हिंदीत म्हणाले की मास्टर, बेटीला भेजून द्या, हिचा आवाज तर मोटरीपेक्षा दमदार आहे.

बाबा माझ्याकडे बघतच राहिले. म्हणाले, मी तर केव्हाच हो म्हटलं, ती चादर काय मी मोटरीला पांघरायला सांगितली होती? आणि ती निळी बॅग कुणाची आहे असं वाटलं तुला? मी म्हटलं, तारांची. तर ते इतके हसले की डोळे पुसावे लागले. मग म्हणाले की त्यांना वाटलं, मलाच जायचं नाहीये. दोघं पण जवळजवळ तीन आठवडे एकमेकांची मर्जी सांभाळत बसलो होतो. आई म्हणते तिला पहिल्या दिवशीच समजलं होतं. मग बोलली का नाही, तर म्हणते, कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं!

माझं नाव पक्कं लिही. दहा मार्चच्या गाडीचं तिकीट झालं. साहेबांसमोर बसायची मला भीती वाटते, पण मोटरीइतका आवाज तर ते करणार नाहीत ना. आणि तुझ्यासाठी सराफ्याजवळच्या दुकानातून हिरवी साडी घेतली आहे, नाही म्हणू नकोस.

रात्री बाबा बॅगेची चेन उघडून बंद करून पाहत होते. छताकडे बघत म्हणाले की पुण्याला पोचल्यावर कुणी फोन केला असता तर घरच्यांना बरं वाटलं असतं.

मी म्हटलं, मी करीन. आणि बोलीन पण.

येतेच आहे. माया तिथेच वाढून ठेव.

तुझी,
सीमंतिनी