रोजची नवी मॅडम

सोम., ५ जाने. अमरावती

डोळ्याची पट्टी निघाली. दहा दिवस काळा चष्मा, टीव्ही बंद, वाकायचं नाही. अकोल्याला दुकानी जायचं नाव काढलं, तर डॉक्टर हसला. म्हणजे अजून पंधरवडा तरी पोराकडे, मंगेशच्या घरी. दोन ओळी लिहिल्यानं डोळा काही जात नाही.

सूनबाईला विद्यार्थी पाहिजे होता, मी सापडलो. परवा वैशालीचा एका इंग्रजी शाळेत नोकरीसाठी डेमो, म्हणजे नमुन्याचा तास आहे, पाचव्या वर्गावर. विषय नाउन. सगळे उमेदवार नाउनच घेतात म्हणे, सोपा पडतो. तिनं तक्ता रंगवलाय, आंबा, गाय, रेल्वे स्टेशन.

"मामाजी, नाउन म्हणजे नाव. माणसाचं, गावाचं, जनावराचं, वस्तूचं."

"अन् राग? तो नाउन हाय का?"

"हाय ना. हाताले लागत नाही, तरी हाय."

हे मला पटलं. मग तिनं खरी गंमत सांगितली. आपल्यात 'विजयनं संजयले मारलं' हे कसंही उलटंपालटं करा, मार संजयलाच बसतो, कारण 'ले' त्याच्या अंगाला चिकटलेला आहे. इंग्रजीत चिकटायला काही नाही. तिथं जागा पाहायची. जे नाव पुढं बसलं ते मारणारं, मागं बसलं ते मार खाणारं. मी म्हटलं, म्हणजे यष्टीतल्या सीटसारखं, ज्यानं आधी रुमाल टाकला तो साहेब. पोट धरून हसली.

जेवताना मंगेश म्हणाला, "चांदूर बाजारच्या झेडपी शाळेतली तू. तुले इंग्रजीले कोन घेते? हा शेवटचा डेमो हां वैशाली. नाही जमलं तर नाद सोडायचा, ठरलं हाय आपलं."

ती हो म्हणाली. पोळी मात्र तशीच राहिली ताटात.


बुध., ७ जाने.

रिक्षानं दोघं गेलो. मला वर्गाबाहेरच्या बाकावर बसवलं. काळ्या चष्म्याचा म्हातारा, कोणाला अडचण नाही. खिडकी उघडी होती. डोळा एक कामाला, पण कान दोन्ही शाबूत आहेत.

वै. सुरेख शिकवते. आवाज स्वच्छ, घाई नाही. पण पोरं! तिनं तक्ता उलगडला अन् प्रश्न तोंडातून निघायच्या आधी चाळीस गळ्यांचं उत्तर. "अ नाउन इज द नेम ऑफ अ पर्सन, प्लेस, अॅनिमल ऑर थिंग!" गायीवर बोट ठेवायच्या आत "अॅनिमल!" आरतीसारखं, एका चालीत.

बाहेर आली ती उजळलेली. "मामाजी, एकही पोट्टं अडलं नाही!" मोठ्या मॅडम, म्हणजे हेडबाई, व्हेरी नाइस म्हणाल्या, कळवतो म्हणाल्या.

मीही शाबासकी दिली. पण पंपाच्या जळालेल्या मोटारी बांधता बांधता दुकान उभं केलंय मी. गिऱ्हाईक भाव ऐकायच्या आधीच मान डोलवायला लागलं, की मी मालाकडे पाहत नाही, गिऱ्हाईकाकडे पाहतो. कानात काहीतरी खटकतंय.


शुक्र., ९ जाने.

डॉक्टरनं चालायला सांगितलंय. पाय आपोआप शाळेकडे.

मधली सुट्टी. फाटकाबाहेर एक बाई बोरं विकते. दोन पोरी आल्या, त्यातल्या रिबिनवालीनं मला ओळखलं.

"आजोबा, तुमी हिरव्या साडीच्या मॅडमचे बाबा ना? बुधवारच्या?"

"बुधवारच्या म्हंजे?"

"कालच्या मॅडम ड्रेसवाल्या होत्या. आजच्या जाड चष्म्याच्या."

"अन् तुमच्या कायमच्या इंग्रजीच्या मॅडम कोन्त्या?"

"त्या दिवाळीले सोडून गेल्या. आता रोज नवी येते." बोराची बी थुंकली. "रोज नाउनच."

"कटाळा नाही येत?"

"येते ना. पण मोठ्या मॅडमनं सांगतलं, नव्या मॅडमले फटाफट उत्तर द्या, नाहीतर त्या घाबरतात."

बोरवाली हसून राहिली होती. मला हसू येईना.

म्हणजे मास्तर नेमायचाच नाही! दिवाळीपासून रोज एक शिकलेली पोरगी बोलवायची, डेमो म्हणून तास घ्यायला लावायचा, कळवतो म्हणून वाटेला लावायची. उद्या दुसरी. वर्ग सांभाळला जातो, पालकांना वाटतं शिकवणं सुरू आहे. पोरं दोन महिन्यांपासून त्याच आंब्या-गायीवर बसलेली. अन् आमची पोरगी रात्र रात्र तक्ता रंगवते! कोणा हुशार टाळक्यातून निघालं असेल हे? लबाडी मी बाजारात पुष्कळ पाहिली. पण तिथं लबाडाला निदान भीती असते. इथं व्हेरी नाइस!

घरी आलो तर वै. आईशी फोनवर. "आई, पोट्टे इतके हुशार, इतके हुशार…"

सांगू शकलो नाही. चहाही गोड लागला नाही.


शनि., १० जाने.

गेलो. सरळ मोठ्या मॅडमच्या खोलीत. वैशालीचा सासरा म्हणून ओळख दिली, रोजच्या नव्या मॅडमचं विचारलं.

"काका, ही प्रोसेस आहे."

"मॅडम, जागा भरायची हाय का नाही, एवढंच सांगा."

"योग्य उमेदवार मिळाला की मॅनेजमेंट ठरवेल."

"दिवाळीपासून एकही योग्य नाही? सगळ्या अमरावतीत?"

मग आवाज चढला माझा. शिपाई दारात आला. मी म्हटलं, पोरीबाळींना आशेवर झुलवता अन् लेकरांना पोपट करता, झोप कशी लागते तुम्हाला? त्यांनी शिपायाला जायला सांगितलं. दार लोटलं.

"काका, हिंदी अन् इतिहास मीच घेते. ऑफिसही मीच पाहते. मॅनेजमेंट जागा देत नाही. वर्ग रिकामा ठेवू? तुम्हीच सांगा."

बाई खोटं बोलत नव्हत्या. याचाच जास्त संताप आला. वरचे कुठंतरी आरामात बसलेले, अन् खाली एक बाई दुसऱ्या बाईला फसवून राहिली.

संध्याकाळी वै.च्या फोनवर शाळेचा निरोप. मंगळवारी पुन्हा या, दुसरा डेमो. घरात सण. मंगेशसुद्धा गुपचूप श्रीखंड घेऊन आला. "दुसऱ्यांदा बोलावलं म्हंजे पक्कं समज."

मी श्रीखंड खाल्लं. काय करणार.


रवि., ११ जाने.

सांगितलं. मंगेश बाहेर गेल्यावर, सगळं, रिबिनवाल्या पोरीपासून.

वै. कणीक मळत होती. मळतच राहिली. मला वाटलं शाळेवर चिडेल, मीही सोबत चिडेन, हलकं वाटेल. ती माझ्यावर चिडली.

"तुमी काहून गेले तथी? मले इचारलं का?"

"पोरी, ते लोक…"

"ते लोक कसे हायेत ते मी पाहिलं असतं. आता मले पुन्हा बोलावलं, ते मी चांगलं शिकवलं म्हणून का तुमी भांडले म्हणून? हे मले कधी समजणार हाय का मामाजी?"

तिनं तक्ता गुंडाळून कपाटावर टाकलाय.


सोम., १२ जाने.

मंगेशला रात्री कळलं. भडकला. "फुकटात कायले राबतं? जाऊ नको." मीही तेच म्हटलं. वर्तमानपत्रात द्यावं, पालकांना गोळा करावं, असंही म्हटलं. वै. भांडी घासत होती. "तुमचं दोघांचं झालं का?" एवढंच.


मंगळ., १३ जाने.

सकाळी तयार होऊन उभी. हिरवीच साडी. हातात तक्ता नाही.

"मामाजी, येता का सोबत? पण आत बोलायचं नाही."

"मग जाते कायले? तेच नाउन पुन्हा शिकवायले?"

तिनं चप्पल घातली अन् निघाली.

तोच बाक. तीच खिडकी. ती वर्गात शिरली अन् पोरांनी न विचारताच चालू केलं, अ नाउन इज द नेम ऑफ…

"थांबा थांबा. ते येते तुम्हाले. माह्यापेक्षा चांगलं येते." वर्ग हसला. "खिडकी, फळा, बाक, बाहेर बसलेले आजोबा. सगळी नावं झाली. आता सांगा, ही नावं करतात काय? आजोबा काय करून राहिले?"

चाळीस पोरांचा वर्ग इतका शांत की फाटकावरच्या बोरवालीचा तराजू ऐकू आला. कोणाला उत्तर माहीत नव्हतं. कोणी शिकवलंच नव्हतं ना पुढचं. मी चष्मा सावरून बसलो.

मग मागून कोणीतरी चाचरत, "मॅडम… सिटिंग?"

"बरं. अजून?"

"लिसनिंग!" रिबिनवालीचा आवाज. चोरटीनं बरोबर हेरलं!

गलका झाला. चुका, हसणं, बाक सरकल्याचे आवाज. पहिल्यांदा ते चालीत नव्हतं.

तेवढ्यात व्हरांड्यातून मोठ्या मॅडमच्या चपला आल्या. ओळखतो आता. माझ्यापाशी थांबल्या. आत बोलायचं नाही, कबूल केलं होतं. जरा सरकून बाकावर जागा केली.

त्या बसल्या नाहीत. तास संपल्याची घंटा झाली, तरी गेल्याही नाहीत; खिडकीतून त्या गलक्याकडे पाहत राहिल्या.